परळचे हाफकिनसाहेब

लालबागहून परळला आलात आणि आचार्य दोंदे मार्गाने निघालात की के. ई. एम. आणि टाटा ही दोन मोठी इस्पितळे लागतात. त्यांच्याच शेजारी झाडांच्या दाट सावलीत एक जुनी भव्य वास्तू उभी आहे. फाटकावर हाफकिन संस्थेची पाटी आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रोज तिच्यावरून बसने जातात. घरात कोणाला कुत्रा चावला किंवा साप डसला की वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे नाव हटकून येई. परंतु हे हाफकिन कोण, ते मुंबईत कशाला आले, आणि ज्या शहरासाठी त्यांनी जिवाचे रान केले त्या शहरातून त्यांना मान खाली घालून का जावे लागले, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. मलाही वर्गात एका मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा सांगता आले नव्हते. पुढे वाचून जे कळले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

प्रथम त्या वास्तूविषयी दोन शब्द. मुळात तो पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठ. पुढे तेथे मुंबईचे गव्हर्नर राहू लागले. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच बंगल्यात पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार हिलच्या टोकाशी कायमचा मुक्काम हलवला. पटकीने रिकामी केलेली ही जागा सतरा वर्षांनी पटकीचीच लस शोधणाऱ्या माणसाच्या हाती आली, हा योगायोग मला नेहमी नवल वाटायला लावतो.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ या थोर प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. १८८१ मध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले तेव्हा हा तरुण आपल्या लोकांच्या संरक्षणासाठी उभा राहिला व पकडला गेला. गुरूच्या रदबदलीमुळे सुटका झाली. विद्या होती, बुद्धी होती, पण प्राध्यापकाची जागा हवी असेल तर बाप्तिस्मा घे अशी अट पडली. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, जागा सोडली. ओडेशाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काम करून १८८८ मध्ये ते देशाबाहेर पडले, आधी जिनिव्हाला आणि तेथून पॅरिसला. तेथे लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना जी नोकरी मिळाली ती संशोधकाची नव्हती, साहाय्यक ग्रंथपालाची होती. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असे दिवस त्यांनी काढले.

१८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली. १८ जुलै रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. घरी बायको-मुले नव्हती, त्यांनी लग्नच केले नाही. तरी माणसाला स्वतःचा जीव असतोच. मग काही मित्रांनी टोचून घेतले. लस माणसाला अपाय करत नाही एवढे सिद्ध झाले. ती उपयोगी पडते की नाही हे पाहायचे तर जेथे पटकी दरवर्षी येते तेथेच जायला हवे होते. त्यांच्या मनात सयाम देश होता. परंतु पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी बंगालकडे बोट दाखवले, आणि १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

सव्वादोन-अडीच वर्षांत त्यांनी आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत चाळीस हजारांहून अधिक लोकांना टोचले. त्यांची कामाची रीत येथे नीट पाहण्यासारखी आहे, कारण पुढची सारी कथा तिच्यावरच उभी आहे. ते कोणावर सक्ती करीत नसत. वस्तीत जायचे, लस म्हणजे काय ते समजावून सांगायचे, आपली बाही वर करून आधी स्वतः टोचून घ्यायचे, आणि मग जो खुशीने हात पुढे करील त्यालाच टोचायचे. ज्याने नाही म्हटले त्याचेही नाव वहीत लिहायचे. कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत दोनशेच्या आसपास माणसे राहत होती, त्यांतील एकशे सोळा जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत जे पटकीने आजारी पडले ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. वहीत दोन्ही नावे होती म्हणूनच हे कळले.

मलेरियाने खंगून ते युरोपात गेले आणि १८९६ मध्ये परत आले. त्या वर्षाच्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जुन्या लोकांच्या तोंडचा गाठीचा ताप तो हाच. जांघेत, काखेत गाठ यायची आणि चार-पाच दिवसांत माणूस संपायचा. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व तिच्या बाहेरचा बोळ मिळाला, आणि मदतीला एक कारकून व तीन-चार शिपाई. इतक्या सामानावर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस बनवली. या तीन महिन्यांत काम असे चाले की त्यांच्या मदतनिसांची प्रकृती ढासळली.

ही लस बनवण्याची कृती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे. हा रस्सा बकऱ्याच्या मांसाचा असे. गाईचे मांस हिंदूंना चालणार नाही आणि डुकराचे मुसलमानांना चालणार नाही, हे त्या ज्यू माणसाला कोणी शिकवावे लागले नाही, निषिद्ध अन्न म्हणजे काय ते तो स्वतःच्या घरात शिकला होता. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांना धरून जंतू छतावरच्या लोंबत्या दगडांसारखे खाली वाढत जात. मग सारे तासभर सुमारे ६५ ते ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे आणि वरून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, म्हणजे दुसरे कोणतेही जंतू त्यात वाढू नयेत. हे कार्बोलिक आम्ल लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट येणार आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घन सेंटिमीटर, पुढे लोकांना देत असत तिच्या कितीतरी पट. ताप चढला, अंग ठणकले, पण ते कामावरून उठले नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांना त्यांनी विचारले, आणि सुमारे निम्म्यांनी टोचून घेतले. पुढच्या आठवड्यात न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला व दोघेही वाचले. पुढे प्लेगाच्या साथीत ही लस जेथे जेथे वापरली तेथे ती रोग पुरता टाळत नसे, पण रोग होण्याची आणि मरणाची शक्यता बरीच कमी करी. त्यापेक्षा अधिक दावा हाफकिन यांनी कधी केला नाही.

आता त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. शहरातील जवळजवळ निम्मी माणसे गावाकडे पळाली होती. गिरण्या ओस, गोदीत हमाल नाहीत. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला व सरकारला वाटेल ते करण्याची मुभा मिळाली. तपासनीसांच्या टोळ्या घरात शिरत, बायकांच्या काखा तपासत, आजाऱ्याला ओढून इस्पितळात नेत, सामान जाळत. पुण्यात याच जुलमातून जून १८९७ मध्ये रँड यांचा खून झाला हे आपण इतिहासात शिकतो. मुंबईत लोक आजारी माणसाला लपवू लागले, कपाटात, माळ्यावर, पोत्यांखाली. लपवलेला रुग्ण घरातल्या दहा जणांना घेऊन जाई. लपवणाऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आजारी मुलीला परका माणूस हात धरून नेऊ लागला तर कोणता बाप शांत राहील? ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात नेमके हेच झाले. जुलाहा विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेण्यास प्लेगची टोळी आली, लोकांनी अडवले, दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली.

त्याच शहरात, त्याच दिवसांत, मदनपुऱ्याहून पायी गेले तर फार तर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर माझगावात दुसरीच गोष्ट घडत होती. खोजा जमातीचे इमाम सर सुलतान महंमद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, तेव्हा अवघ्या विशीत होते. हाफकिन यांच्या कामाविषयी त्यांनी माहिती करून घेतली. सरकारी अधिकारी आणि डॉक्टर यांच्यातील पुष्कळ जण या रशियन ज्यूकडे साशंक नजरेने पाहत असताना या तरुण मुसलमान पुढाऱ्याने माझगावातील आपले खुश्रू लॉज हे घर त्यांना प्रयोगशाळेसाठी देऊन टाकले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहू नये. जमातीसाठी टोचणीचे वेगळे केंद्र निघाले. कोणाला ओढून आणले नाही, पोलीस नव्हता, गोरा सोल्जर नव्हता. काही महिन्यांत मुंबईतील खोजांपैकी जवळजवळ निम्म्यांनी टोचून घेतले. ज्यांनी घेतले आणि ज्यांनी घेतले नाही त्यांच्यातील मृत्यूंची तुलना हाफकिन यांनी पुढे शास्त्रीय सभांत मांडली, आणि टोचलेल्यांचे पारडे स्पष्ट जड होते.

हेच आगाखान पुढे अलिगढच्या विद्यापीठासाठी गावोगाव निधी गोळा करीत फिरले, ते आपल्या समाजाला ठाऊक आहे. खुश्रू लॉजची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. मला ती कमी महत्त्वाची वाटत नाही. आपल्या दीनमध्येही साथीच्या गावात जाऊ नये व साथीच्या गावातून बाहेर पडू नये अशी पैगंबर साहेबांची (स.) शिकवण आहे, आणि सीरियात प्लेग आहे असे कळताच खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी वाटेतूनच लष्करासह परत फिरणे पसंत केले होते. तकदीरवर भरवसा ठेवणारी ही माणसे होती, आणि तरी ती खबरदारी घेत होती.

येथे थोडे विषयांतर करतो. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम निघाली. माझ्या वर्गातल्या मुलांकडे घरी चिठ्ठ्या दिल्या. त्यांतील बऱ्याच परत आल्या नाहीत. काही पालक रागावून शाळेत आले, कोणाच्या तरी मोबाइलवर आलेला निरोप त्यांच्या हातात होता की या सुईने मुले पुढे निपुत्रिक होतील. मी वाद घातला आणि हरलो. दुसऱ्या दिवशी वस्तीतले एक वयस्क गृहस्थ आपल्या दोन नातवंडांना हाताला धरून आले, सर्वांसमोर त्यांना टोचवले आणि बाकावर बसून राहिले. दुपारपर्यंत रांग लागली. मी तेव्हा खुश्रू लॉजचे नाव ऐकले नव्हते. चार वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्यात, गोवंडीकडे गोवराची साथ आली व लहान मुले दगावली, त्या दिवसांत मला तो बाक वारंवार आठवत होता.

आता परळकडे वळू. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. एका खोलीत सुरू झालेले काम आता महालात गेले. येथून लसीच्या बाटल्या साऱ्या हिंदुस्थानात आणि परदेशीही जाऊ लागल्या. १९०२ मध्ये पंजाबात प्लेग थैमान घालत होता आणि तेथील सरकारने लाखो लोकांना टोचायचे ठरवले. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत होईना. हाफकिन यांनी कृती बदलली. जंतू रश्शाऐवजी दुसऱ्या पद्धतीने वाढवले, म्हणजे लस लवकर तयार होई, आणि कार्बोलिक आम्ल वगळले. नीट तापवून निर्जंतुक केले तर त्याची गरज नाही असा त्यांचा हिशेब होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुलकोवाल नावाच्या खेड्यात (हे गाव आज पाकिस्तानात आहे) एकशे सात माणसांनी टोचून घेतले. पाच बाटल्या फोडल्या गेल्या. त्यांतील एका बाटलीवर ५३-एन हा क्रमांक होता. ती परळला सप्टेंबरात भरलेली होती. आठवडाभराने त्या बाटलीतून टोचलेल्या एकोणीस माणसांचे जबडे आखडू लागले. धनुर्वात झाला होता. एकोणीसच्या एकोणीस मेले. उरलेल्या चार बाटल्यांतील एकालाही काही झाले नाही.

या एकोणीस जणांविषयी थांबून विचार केला पाहिजे. त्यांनी आजार लपवला नव्हता, डॉक्टरला चुकवले नव्हते, अफवेवर विश्वास ठेवून घरात बसले नव्हते. समाजाने रुग्णाकडून जे जे मागावे ते सारे त्यांनी केले होते. स्वतःहून हात पुढे केला होता. अशा माणसांच्या घरच्यांनी हे कसे झाले म्हणून विचारले तर तो त्यांचा हक्कच आहे, आणि तो विचारायला लागणेच चूक असे मानणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. चौकशी ही झालीच पाहिजे होती.

प्रश्न होता तो चौकशी कशी झाली याचा. सरकारने मंडळ नेमले. त्याचे प्रमुख मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, आणि सोबत दोन लष्करी डॉक्टर. धनुर्वाताचे जंतू बाटलीत गावात फोडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच शिरले, असे मंडळाने ठरवले, आणि कार्बोलिक आम्ल गाळण्याबद्दल हाफकिन यांना दोष दिला. हाफकिन संचालकपदावरून दूर झाले आणि १९०४ मध्ये बिनपगारी रजेवर हिंदुस्थान सोडून गेले. वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव एकोणीस मृत्यूंशी कायमचे बांधून टाकले.

परंतु गावात त्या सकाळी काय झाले होते? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात जरा हलवला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात हे शाळेतले मूलही जाणते. त्याखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या. हे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत राहिले असते तर बूच काढताच उग्र दुर्गंधी सुटली असती, आणि बाटली फोडणाऱ्या डॉक्टरांना तसा कोणताही वास आला नव्हता. दुसरे असे की, बाटलीत आधीच इतके विष साठले असते तर माणसे एक-दोन दिवसांतच आजारी पडली असती. प्रत्यक्षात आठवडा गेला, म्हणजे जंतू टोचतानाच शिरले व शरीरात वाढले असे दिसते. ही सारी माहिती साक्षीत होती. ती नीट जोडली गेली नाही.

हाफकिन यांच्या हातून काहीच चुकले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे चाललेली खबरदारी घाईच्या वेळी वगळणे हा धोका होता. कार्बोलिक असते तर त्या चिमट्याची माती कदाचित निरुपद्रवी ठरली असती, आणि हा सवाल त्यांना विचारणे योग्यच होते. पण घाई कोणी लावली, खेड्यात बाटली उघडण्याचे शिक्षण कोणी कोणाला दिले, आणि चिमटा पडल्यावर काय करायचे ते कोठे लिहिलेले होते, हेही सवाल तितकेच योग्य होते. ते लसीच्या मालकाला सोडून दुसऱ्या कोणाला विचारले गेले नाहीत. परका, ज्यू, डॉक्टरकीची पदवी नसलेला आणि लष्करी वैद्यकीय खात्याबाहेरचा माणूस, त्याच्यावर सारे टाकून मोकळे होणे सोयीचे होते.

पालकांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण हा सवाल जुना झालेला नाही. आपल्या देशात डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दल दाद मागता येते. १९५३ साली कोकणच्या किनाऱ्यावर मांडी मोडलेला एक तरुण पुण्याच्या इस्पितळात दगावला. त्याच्या वडिलांचा दावा १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व डॉक्टरला तीन हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम आज क्षुल्लक वाटेल, पण रुग्ण हाती घ्यायचा की नाही, उपचार कोणते करायचे आणि ते कसे करायचे या तिन्हींत डॉक्टरवर काळजी घेण्याचे बंधन आहे हे त्या निकालाने पक्के केले. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, डॉक्टरवर फौजदारी खटला घालण्याआधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचे मत घेतले पाहिजे, आणि साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे. मुलकोवालच्या मंडळाला ही शिस्त असती तर बरे झाले असते. पण दाद मागायची तर कागद लागतात. आपल्या वस्तीत आजारपणाचा कागद म्हणजे गादीखाली चुरगळलेली एक चिठ्ठी. औषध अर्धे घेऊन सोडायचे, पूर्वी कोणती गोळी अंगावर आली होती ते डॉक्टरला सांगायचे नाही, एका डॉक्टरचे दुसऱ्याला कळू द्यायचे नाही, आणि मग काही झाले की इस्पितळाच्या काचा फोडायच्या. इस्पितळाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्यात असा नियम २००२ पासून आहे. तो मागणारा पालक मी क्वचितच पाहिला. हाफकिन यांच्या वहीत प्रत्येक माणसाचे नाव होते. आपल्या घरात तशी एक वही का नसावी?

हाफकिन यांच्या बाजूने सत्य बाहेर यायला पाच वर्षे लागली. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासून दूषितपणा गावातच झाला असण्याचा संभव अधिक असे मत दिले. चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस छापली गेली आणि ती वाचून शास्त्रज्ञ उठले. मलेरियाचा डासाशी संबंध शोधणारे व नोबेल पारितोषिक मिळवलेले सर रोनाल्ड रॉस त्यांत आघाडीवर होते. १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र छापून आले. रॉस यांना याहून मोठी काळजी वाटत होती. परळच्या लसीवरून लोकांचा विश्वास उडाला की प्लेगाला रान मोकळे. झालेही तसेच. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मारली आणि त्यांत पंजाबचा वाटा सर्वांत मोठा होता. एका बाटलीच्या चौकशीत झालेल्या घोळाची किंमत किती मोठी, याचा हिशेब कोणी केला नाही.

१९०७ च्या अखेरीस सरकारने त्यांना निर्दोष मानून परत बोलावले. परंतु परळची खुर्ची दुसऱ्याला गेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. माणसांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मोकळीक मात्र मिळाली नाही. ज्या माणसाने आधी स्वतःच्या दंडात सुई खुपसली त्याला आता दुसऱ्याच्या दंडाला हात लावायला मनाई होती. त्यांनी फारशी तक्रार केली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १९१५ मध्ये, निवृत्त होऊन ते युरोपात गेले. पुन्हा मुंबईला आले नाहीत.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. नावाची बातमी त्यांना परदेशात कळली. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले, तेव्हा त्यांना जाऊन चौतीस वर्षे झाली होती.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी राहत. तरुणपणी ज्या धर्मासाठी जागा सोडली त्या धर्माचे नियम आता ते काटेकोरपणे पाळू लागले होते. बायको नव्हती, मूल नव्हते. जन्मभराची सारी पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील गरीब ज्यू मुलांच्या धार्मिक शाळांसाठी एका निधीत ठेवली, आणि त्या निधीचा हेतू स्पष्ट लिहून ठेवला. त्या शाळांतील मुलांनी धर्मग्रंथ शिकावेतच, पण त्यांच्या बरोबरीने विज्ञान आणि हाताचा एखादा धंदाही शिकावा, यासाठी तो पैसा होता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.